माझं मशीन, साळ्याचा ब्लॉग

सेठजींनी कागदांची चळत टेबलावरून माझ्याकडे सरकवली. सगळ्यात वरच्या कागदावर एका गंजक्या ड्रमचा रंगीत फोटो होता. ड्रम मी ओळखला. ड्रमशेजारी उभा असलेला माणूसही ओळखला. तो माझा साळा होता. नितीन, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

"टेंभरे जी, ये देखिए," सेठजी म्हणाले. "आपका साला रोज का काम इंटरनेट पे डालता है. क्या बिगड़ा, क्या बना, सब. और आप मेरे ही मिल में मुझे अंदर झाँकने नहीं देते."

मी म्हणालो की नितीनचं मशीन हौसेचं आहे, माझं धंद्याचं. धंद्याच्या वस्तूचे फोटो कोणी चव्हाट्यावर लावत नाही.

"वो ठीक है. पर उसका कितना चलता है, मुझे मालूम है. आपका कितना चलता है, मुझे नहीं मालूम."

माझं मशीन त्या दिवशी बंद होतं, आणि आम्ही बोलत होतो त्या ऑफिसच्या मागच्याच भिंतीला लागून ते उभं होतं.

ही लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. आता लोक विसरले, पण तेव्हा गोंदियातल्या राइस मिलमध्ये दिवसाचा बराच वेळ वीज नसायची. धान येऊन पडलेलं, मजूर बसलेले, आणि मालक डिझेल जाळून इंजिन चालवायचे. त्याच मिलच्या मागे तुसाचा डोंगर असायचा. तूस म्हणजे धानाचं वरचं टरफल. ते ठेवायला जागा पुरत नसे. त्या तुसातूनच इंजिनाचं इंधन काढायचं, हे माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं.

त्या मशीनला गॅसिफायर म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर एक उंच भट्टी. तिच्यात वरून तूस टाकायचं, पण नीट जळायला लागते तेवढी हवा द्यायची नाही. अर्धवट जळणाऱ्या तुसातून एक पेट घेणारा वायू निघतो. तो धुवायचा, थंड करायचा, गाळायचा आणि डिझेल इंजिनात सोडायचा. मग इंजिन थोड्या डिझेलवर आणि बऱ्याचशा या गॅसवर चालतं.

ऐकायला छान वाटतं. अडचण एकच, डांबर. रस्त्यावरचं नव्हे, धुरातलं. गॅस गरम असतो तोवर हे डांबर वाफेसारखं त्याच्यासोबत चालतं. गॅस थंड झाला की त्याचा चीक होतो. तो चीक इंजिनाच्या इनलेट व्हॉल्व्हवर, म्हणजे आत हवा घेणाऱ्या झडपेवर बसला की झडप अडकते आणि इंजिन बंद पडतं. गॅसिफायर बनवणाऱ्या माणसाचं अर्धं आयुष्य या चिकाशी भांडण्यात जातं.

माझं बालाघाट रोडला वर्कशॉप होतं. मिलसाठी धान वर चढवणारे एलेव्हेटर, चाळण्या, माल पुढे ढकलणारे फिरते स्क्रू, हे सगळं मी बनवायचो. काम चोख होतं, कोणालाही विचारा. पण माझ्या एलेव्हेटरची एकाने हुबेहूब नक्कल करून जिल्हाभर विकली होती, आणि तेव्हापासून मी शहाणा झालो होतो. सेठजींच्या मिलमध्ये गॅसिफायर ट्रायलला लावला तेव्हा मी आधी त्याच्याभोवती पत्र्याचा उंच आडोसा उभा केला. आत भट्टी आणि फिल्टर. इंजिन बाहेर, मिलच्या इंजिनरूममध्ये. आडोशाच्या दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

नितीन इंजिनिअर होऊन नागपूरहून परत आला तेव्हा काही काळ माझ्याच वर्कशॉपमध्ये होता. माझी पहिली भट्टी त्याने पाहिली होती. ती फसली, तेही त्याने पाहिलं होतं. मग तो कामठ्याला गेला. तिथे माझ्या सासऱ्यांची शेती आणि एक छोटी धानाची मिल होती. तिथे आपण पण गॅसिफायर करून पाहू, असं त्याने मला स्वतः येऊन सांगितलं. मी म्हणालो, कर. तेव्हा मला वाटलं, काय करणार हा. वेल्डिंग त्याला धड येत नव्हतं. अजूनही येत नाही.

आणि त्याने ब्लॉग सुरू केला.

ब्लॉग म्हणजे काय हे मला बायकोकडून कळलं. घरात कॉम्प्युटर वर्कशॉपच्या बिलांसाठी घेतला होता. सुनीता त्याच्यावर शिकली होती. संध्याकाळी मी घरी आलो की ती भावाचं लिखाण मला वाचून दाखवायची. पहिल्याच दिवशी त्याने लिहिलं होतं, आज भट्टीचा ड्रम पडला. पडलेल्या ड्रमचा फोटो, पाय वाकल्याचा फोटो, आणि खाली का पडला याचं कारण. मी मोकळेपणाने हसलो. आपला आपटलेला ड्रम कोणी जगाला दाखवतं का?

पुढे त्याने भट्टीच्या आतल्या जाळीचा प्रयोग लिहिला. जाळीवर राख साचून ती चोंदली. मग राख काढायचा स्क्रू लावला. तो उलट्या दिशेने फिरला. तेही लिहिलं. मी ऐकत जेवत होतो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की या गोष्टी मला पाठ आहेत. जाळी माझीही चोंदली होती. स्क्रू माझाही उलटा फिरला होता. नितीनच्या सगळ्या चुका आधी माझ्या होत्या, त्याच्या कितीतरी आधीच्या. फक्त मी त्या कोणाला दाखवल्या नव्हत्या. आणि आता त्याच चुकांसाठी लोक त्याला शाबासकी देत होते.

लोक म्हणजे कुठले कुठले. बिहारमधले, छत्तीसगडमधले, एक तर परदेशातला तांदूळवाला. खाली कॉमेंट लिहायचे. कोणी म्हणायचं, फार हिमतीने लिहिता. कोणी आपल्या भट्टीचा फोटो पाठवायचं. माझ्यासारखं काम करणारी माणसं जगात आहेत, ती एकमेकांशी बोलतात, आणि त्यांच्या मधोमध कामठ्यातला माझा साळा बसला आहे, हे मला बिलकुल सहन होईना.

राख काढायच्या स्क्रूबद्दल मी नीट लक्ष ठेवून होतो. तो माझ्या वर्कशॉपमध्ये पाहिलेला स्क्रू होता. म्हटलं, आता सापडला, आता याला धरू. सुनीताने पुढची ओळ वाचली. "ही कल्पना माझी नाही. गोंदियाच्या माझ्या जीजाजींच्या वर्कशॉपमध्ये मी हे शिकलो." म्हणजे तक्रार करायलाही त्याने जागा ठेवली नाही.

तोवर मी स्वतःही चोरून वाचायला लागलो होतो. सुनीता शेजारी गेली की मी कॉम्प्युटर लावायचो. एकदा तिने पाहिलं.

"तो लिहून राहिला तर तुम्हाले काऊन झोंबते?" ती म्हणाली.

मी म्हणालो, मला कायले झोंबते.

"मंग माऊस काऊन आपटून राहिले?"

आणखी एक सांगतो, म्हणजे तुम्हाला माझं दुखणं कळेल. सासरच्या घरात इंजिनिअर म्हटलं की माझं नाव निघायचं. कामठ्याला कुठलंही कार्य असो, सासरे मला ओसरीवर मधोमध बसवून पाहुण्यांना सांगायचे की हे आमचे इंजिनेर जावई, यायचं गोंदियाले मोठं वर्कशॉप हाये. कोणाची मोटर जळाली, कोणाचा पंप अडला, सगळे माझ्यापाशी यायचे. त्या वर्षी भाऊबीजेला गेलो तर ओसरीवर नितीन बसला होता आणि सासरे त्याच्याबद्दल सांगत होते. "याचं परदेशातले लोक वाचून राहिले." मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "अन् हे जावई." एवढंच. मी चहा घेतला आणि उठलो.

आता माझ्या मशीनची अडचण सांगतो. दुपारी लावलं की ते सुरेख चालायचं. सकाळी लावलं की थोड्या वेळाने इंजिन अडखळायचं आणि बंद पडायचं. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं की झडपेवर तोच चीक. दिवाळीनंतरचे दिवस होते, थंडी पडली होती, नवीन धान मिलमध्ये यायला लागलं होतं. नव्या धानात ओल जास्त असते. म्हणून मी ठरवलं की दोष ओल्या तुसाचा आहे. तूस वाळवून पाहिलं. फरक पडला नाही. फिल्टरमधला लाकडाचा भुसा बदलला. फरक पडला नाही. फिल्टरच मोठा केला. इंजिन थोडं जास्त वेळ चाललं आणि परत बंद पडलं. दर वेळी हेड उघडायचं, झडप घासायची, बसवायची. सेठजींचा मिस्त्री माझ्याकडे पाहून चावी पान्याचा डबा पुढे करायचा.

अशा वेळी सेठजींनी ते कागद माझ्यापुढे ठेवले होते.

ते पुढे जे बोलले ते मला अपेक्षित नव्हतं. त्यांच्या मोठ्या भावाची सडक अर्जुनीला, हायवेला लागून दुसरी मिल होती. तिथेही असंच मशीन लावायचा त्यांचा विचार होता. तो ऑर्डर कोणाला द्यायचा हे ट्रायलवर ठरणार होतं. नितीनचं वर्कशॉप नव्हतं, एवढं मोठं मशीन तो बनवू शकत नव्हता, हे सेठजींना माहीत होतं. त्यांना मशीन माझंच हवं होतं. पण एक अट होती.

"आपके ट्रायल का भी ऐसा ही लिखवाइए. नितीन से लिखवाइए. मैं दुकान में बैठ के पढ़ूँगा. मेरा भाई सडक अर्जुनी में पढ़ेगा."

मी म्हणालो, लोक नक्कल करतील.

"बंद मशीन की नक्कल कौन करेगा, टेंभरे जी?"

ऑर्डर सोडावा असं मनात आलं होतं. खरंच आलं होतं. पण वर्कशॉपमध्ये माणसं होती, आणि एलेव्हेटरचं काम तेव्हा मंदीत होतं. मी सुनीताला सांगितलं की तुझ्या भावाला बोलाव. मी स्वतः फोन केला नाही.

नितीन मोटरसायकलवर आला. सोबत छोटा डिजिटल कॅमेरा. मी कुलूप काढलं आणि बाजूला उभा राहिलो. माझी अपेक्षा होती की तो ऐटीत वागेल. तो वागला नाही. प्रत्येक फोटोआधी विचारायचा. "जीजाजी, याचा काढू का? अडकलेला व्हॉल्व्ह दाखवू का?" मी म्हणायचो, मला काय विचारतो, सेठजींना विचार. भट्टीच्या वेल्डिंगवरून त्याने बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच थांबला. मी काय काय करून पाहिलं ते त्याने लिहून घेतलं. इंजिन सकाळीच का अडतं यावर माझं मत विचारलं. मी ओल्या तुसाचं सांगितलं. त्याने मान हलवली.

मग पूर्ण मशीनचा एक फोटो हवा म्हणून तो बाहेर रचलेल्या पोत्यांवर चढला. तिथून आडोशाच्या आतलं आणि बाहेरचं एकदम दिसत होतं. कॅमेरा डोळ्याला लावून तो जरा थांबला. फोटो काढला, पुन्हा एक काढला, आणि खाली उतरला. चहा मागवला होता. तो न घेताच निघाला, कामठ्याला काम आहे म्हणाला.

दोन-तीन दिवसांत त्याने लिहिलं. नाव दिलं होतं, जीजाजींचं मशीन. घरात कोणी नसताना मी वाचलं. वेल्डिंगबद्दल चांगलं लिहिलं होतं. राख काढायची व्यवस्था आपल्यापेक्षा कितीतरी पुढची आहे असं लिहिलं होतं. मग सरळ लिहिलं होतं की सकाळी इंजिन अडतं, झडपेवर डांबर बसतं, जीजाजींनी हे हे करून पाहिलं, कारण अजून सापडलं नाही. कोणाला काही सुचलं तर सांगा. खाली सगळे फोटो. मी ते परत परत वाचलं. टिंगलीचा एक तरी शब्द सापडावा म्हणून वाचलं. सापडला नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या मिलवाल्यांना आता माझं मशीन बंद आहे हे कळलं होतं, आणि इतक्या आदराने कळलं होतं की भांडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी खाली कॉमेंट आली. बिहारमध्ये गॅसिफायर चालवणारा कोणी इंजिनिअर होता. बाकीच्यांनी लांबलचक सल्ले दिले होते. याने एकच ओळ लिहिली होती. "आख़िरी फोटो में गैस पाइप का ढाल इंजन की तरफ क्यों है?"

मी शेवटचा फोटो उघडला. पोत्यांवरून काढलेला तोच. पाहिलं आणि जेवण तसंच टाकून मिलमध्ये गेलो.

गोष्ट अशी होती. फिल्टर आडोशाच्या आत आणि इंजिन बाहेर. गॅसचा पाइप आतून बाहेर न्यायचा होता. पत्र्याला भोक पाडलं तर कोणी डोकावेल, म्हणून मी पाइप आडोशाच्या वरून नेला होता. आत उभं राहिलं की तो वर चढताना दिसायचा. बाहेर उभं राहिलं की खाली उतरताना दिसायचा. दोन्ही एकदम मी कधी पाहिलंच नव्हतं. वरून इंजिनापर्यंतचा तो उतार लांब होता आणि उघड्यावर होता. सकाळच्या थंडीत पाइप गार पडायचा. फिल्टरमधून सुटलेलं थोडं डांबर आणि पाणी त्या गार पाइपात चीक होऊन, उतारावरून वाहत, थेट इंजिनात जायचं. दुपारी पाइप तापलेला असायचा म्हणून तेव्हा इंजिन चालायचं. तुसाचा काही दोष नव्हता. माझ्या आडोशाने तो उतार तयार केला होता.

काम अर्ध्या दिवसाचं निघालं. पत्र्याला भोक पाडलं. पाइप सरळ खालून नेला, उतार फिल्टरच्या बाजूला दिला, आणि सगळ्यात खालच्या जागी साचलेलं पाणी काढायला एक कॉक बसवला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, चांगली थंडी असताना, मशीन लावलं. सेठजी शाल गुंडाळून खुर्ची टाकून बसले. मिलचा पहिला घाणा उतरला, दुसरा उतरला, तरी इंजिन एका सुरात चालत होतं. मिस्त्रीने कॉक उघडून काळं पाणी बादलीत काढून दाखवलं. सेठजींनी स्वतःहून नितीनला फोन लावला आणि सांगितलं की लिखो, चल गया. मला वाटलं होतं, आधी माझ्याकडे पाहतील.

घरी आल्यावर मी सुनीताला सांगितलं की बिहारच्या एका माणसाने बरोबर ओळखलं, फार हुशार माणूस. ती तांदूळ निवडत होती.

"नितीनले त्याच दिवशी दिसलं होतं," ती म्हणाली.

मी विचारलं, काय दिसलं होतं.

"पाइप. पोत्यावर चढला तवाच. माले फोनवर सांगत होता."

"मग मला काऊन नाही सांगितलं?"

"मने, मी सांगतलं तर जीजाजीले वाईट वाटन, अन् पटणार बी नाही. फोटो टाकून देतो, कोणी दुसरा सांगन." तांदळातला एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "खोटं मनला का तो?"

खोटं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण कशाचा करणार? त्याने ओळखलं होतं, माझा मान राखला होता, आणि उत्तर अशा माणसाकडून माझ्यापर्यंत पोहोचवलं होतं ज्याच्याशी माझं काही वैर नव्हतं. वेल्डिंग न येणारा माणूस हे करू शकतो, हे मला कुठल्याही कॉमेंटपेक्षा जास्त लागलं. त्यानंतर आम्ही कितीदा तरी एकत्र जेवलो. मी विषय काढला नाही, त्यानेही काढला नाही.

सडक अर्जुनीचा ऑर्डर मला मिळाला. त्यानंतर आणखी काही मिलवाल्यांनी मशीन घेतलं. ते यायचे तेव्हा त्यांच्या हातात ब्लॉगचे प्रिंट असायचे. मी समजावून सांगायला लागलो की म्हणायचे, वो हमने पढ़ लिया है. आडोसा मी नंतर कुठेच बांधला नाही. नक्कल झाली का? झाली. एकाने केली, आणि ब्लॉगवर तसं लिहूनही टाकलं. नितीनने त्याचं अभिनंदन केलं.

त्या लिखाणावरूनच नितीनला नागपूरच्या एका कॉलेजात बोलायला बोलावलं, मग बाहेरच्या एका संस्थेत चांगली नोकरी लागली. कामठ्याचं त्याचं मशीन बंद पडलं, तेही त्याने शेवटच्या दिवशी फोटोसकट लिहिलं. मला ऑर्डर मिळाले, त्याला नाव मिळालं. सुनीता म्हणते हिशेब बरोबर आहे. माझ्या मते नाही.

काही वर्षांनी वीज बरी झाली आणि गॅसिफायरचं काम आपोआप थांबलं. मशीनं भंगारात गेली. मी पुन्हा एलेव्हेटरकडे वळलो. मधे मीही एक ब्लॉग उघडला होता. त्यावर एलेव्हेटरला रंग दिल्याचा एक फोटो टाकला. एक कॉमेंट आली. नितीनची. "छान." त्यानंतर मी काही टाकलं नाही.

गेल्या वर्षी कुठल्याशा कॉलेजातून एका मुलीचा फोन आला. तुसापासून गॅस हा तिचा प्रोजेक्ट होता. राख काढायच्या स्क्रूबद्दल तिला विचारायचं होतं. मी नाव सांगितलं, अनुभव सांगितला, बरीच वर्षं या कामात घालवल्याचं सांगितलं. ती अदबीने ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे सर, तुम्हीच का ते नितीन सरांचे जीजाजी?"

मी हो म्हणालो. आपलं काम आपण लिहिलं नाही तरी ते लिहिलं जातंच. फक्त त्यात आपण नातेवाईक म्हणून येतो.